काळी माती, जांभा आणि मोरचूद: समुद्राच्या पाण्यातला धातू कणांना कसा चिकटतो, हे बाटलीत पाहण्याचा प्रयोग

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांत वाढलेल्या पोराला बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण शिकवावं लागत नाही. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार), एक किलो चुना. चुन्याची निवळी पडली की निळं पाणी दाट होतं आणि बॅरलच्या तळाशी आकाशी साका बसतो. पाण्यातला तांबा पाण्याबाहेर काढायचा हा एक मार्ग झाला. रसायनशास्त्राच्या पुस्तकात याला अवक्षेपण म्हणतात: पाण्यात मावत नाही इतका धातू झाला की तो घनरूपात खाली बसतो.

समुद्रात मात्र हे असं घडत नाही. नद्या कोट्यवधी वर्षं समुद्रात धातू ओततायत, तरी खुल्या समुद्राच्या एका लिटरमध्ये तांबा सापडतो तो मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाच्याही खाली. इतक्या कमी धातूचा साका पडणं शक्यच नाही, कारण पाण्याची क्षमता त्याहून कितीतरी जास्त आहे. १९५६ साली अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ कॉनराड क्राउसकोफ यांनी तेरा दुर्मीळ धातूंवर नेमकं हेच तपासलं. साका पडून पाणी जितकं रितं व्हावं त्यापेक्षा समुद्र कितीतरी अधिक रिता निघाला. मग त्यांनी लोहाचं ऑक्साइड, मँगनीज डायऑक्साइड, चिकणमाती, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) असे पदार्थ समुद्राच्या पाण्यात घालून पाहिले आणि धातू कणांच्या पृष्ठभागाला चिकटून निघून जातो, हे उत्तर जुळत गेलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९५४ मध्ये, एडवर्ड गोल्डबर्ग यांनी या कणांना समुद्राचे रासायनिक सफाई कामगार म्हटलं होतं.

हाच प्रयोग आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, आपल्या जिल्ह्यातल्या मातीवर करता येतो. महागडं यंत्र लागत नाही. ब्युरेट (थेंबाथेंबाने द्रव सोडून मोजायची नळी), पीएच मीटर (पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणारं) आणि धीर पुरतो. बीएस्सीच्या मुलांना प्रकल्प म्हणून उत्तम, बारावीच्या हुशार गटाला शिक्षक सोबत असतील तर जमेल. पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा: साका पडून गेलेला तांबा आणि मातीला चिकटून गेलेला तांबा हे ब्युरेटवर अगदी सारखेच दिसतात. दोन्हीत पाण्यातला तांबा कमी होतो, इतकंच कळतं. हा फरक जो गट वेगळा काढू शकत नाही, त्याने बोर्डो मिश्रणच केलं, समुद्र नव्हे. पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना त्या एका फरकासाठी आहेत.

माती कुठली आणि कशी तयार करायची

दोन माती घ्या. पहिली आपली काळी, कापसाची. दख्खनचा बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. पानासारख्या पातळ थरांवर ऋणभार असतो आणि त्या भाराला कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, सोडिअमचे आयन बिलगलेले असतात. दुसरा जांभा. पाचगणीचं टेबल लँड, महाबळेश्वर, कासचं पठार यांच्या माथ्यावर जो लालसर खडक आहे तो हाच. यात लोहाची आणि ॲल्युमिनिअमची ऑक्साइडं ठासून भरलेली असतात. समुद्रातल्या कणांवरही लोह-मँगनीजच्या ऑक्साइडची अशी पुटं असतात, म्हणून जांभा आपल्या कामाचा.

कासच्या पठारावरून चिमूटभर मातीसुद्धा आणू नका. ते पठार जपलेलं आहे आणि गरजही नाही. जांभ्याच्या चिऱ्यांचं बांधकाम जिथे चालू असेल तिथे गवंड्याकडे मागा; चिरा तासताना पडलेला भुगा पिशवीभर मिळतो. फक्त त्यात सिमेंट मिसळलेलं नको. सिमेंट पीएच चढवतं आणि सगळा प्रयोग वाया घालवतं. शंका असेल तर आख्खा चिरा फोडून आतला गाभा घ्या.

काळी माती वरच्या थरातली घेऊ नका. शेणखत, पालापाचोळा, खतांचा अंश वरच असतो आणि सेंद्रिय पदार्थ तांबा स्वतःच धरून ठेवतात. दीड-दोन फूट खालची घ्या, सावलीत वाळवा, ढेकळं फोडा, खलात घोटा आणि चहाच्या गाळणीपेक्षा बारीक चाळणीतून चाळा. जांभाही तसाच.

आता चुनखडीची चाचणी. काचेच्या तबकडीत चमचाभर काळी माती घेऊन त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब सोडा आणि कान जवळ न्या. कृष्णाकाठच्या बहुतेक काळ्या रानांत बारीक चुर्र आवाज येतो, फेस धरतो, कधी पांढरा चुनखडीचा खडाच तबकडीत सरकताना दिसतो. ही चुनखडी बोर्डोतल्या चुन्यासारखंच काम करते. माती अशीच वापरली तर तांबा सगळा गायब होईल, तुम्ही खूष व्हाल आणि चिकटण्याबद्दल एक अक्षर कळलेलं नसेल. म्हणून माती सौम्य ॲसेटिक आम्लात ढवळा, फेस थांबेपर्यंत थोडं थोडं आम्ल घाला, मग रात्रभर बसू द्या. वरची निवळ ओतून टाका आणि डिस्टिल्ड पाण्याने किमान तीनदा धुवा. शेवटच्या धुण्यात माती खाली बसायचं नाव घेत नाही. सेंट्रिफ्यूज असेल तर बरं, नसेल तर दोन दिवस भांडं हलवू नका. जांभ्यात सहसा फेस येत नाही, तरी चाचणी त्याचीही करा. दोन्ही माती पुन्हा वाळवून, घोटून, लेबल लावून बंद बरणीत ठेवा. ही तयारी प्रयोगाच्या आठवडाभर आधी उरका.

खारं पाणी

सांगली-साताऱ्याहून समुद्र काही तासांवर आहे, पण किनाऱ्यावरचं पाणी भरून आणण्यात अर्थ नाही. बंदराजवळच्या पाण्यात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही आणि त्यातल्या बायकार्बोनेटमुळे पीएच आठच्या पुढे असतो. त्या पाण्यात आपल्याइतका तांबा घातला की लगेच गढूळ होणार. त्यापेक्षा पाणी प्रयोगशाळेतच बनवा. ९०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात घ्या: सोडिअम क्लोराइड २४ ग्रॅम, मॅग्नेशिअम क्लोराइड (सहा पाण्याचं, स्फटिकी) १०.८ ग्रॅम, निर्जल सोडिअम सल्फेट ४ ग्रॅम, कॅल्शिअम क्लोराइड (दोन पाण्याचं) १.५ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड ०.७ ग्रॅम. समुद्रात थोडा खाण्याचा सोडाही असतो; तो मुद्दाम वगळलाय, त्याचं कारण वर आलंच. लिटरभराचे क्षार ९०० मिलित का, तर पुढे बाटलीत १० टक्के तांब्याचं द्रावण पडणार आहे आणि तेव्हा खारटपणा बरोबर समुद्राइतका होईल.

स्वयंपाकघरातलं मीठ वापरू नका. आपल्याकडच्या आयोडीनयुक्त मिठात पोटॅशिअम आयोडेट असतं, आणि पुढे जी आयोडिनची मोजणी करायची आहे तीत आम्ल आणि आयोडाइड मिळाले की तेही आयोडिन सोडतं. फरक थेंब-दोन थेंबांचाच, पण तांबा नसलेल्या चंबूत निळा रंग उठला की अख्खा गट तासभर त्यावर वाद घालत बसतो.

तांब्याचं द्रावण

शेतीचं मोरचूद स्वस्त आहे, पण प्रयोगशाळेतलं शुद्ध कॉपर सल्फेट घ्या. ३.९३ ग्रॅम स्फटिक डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून बरोबर एक लिटर करा. यात लिटरला १००० मिलिग्रॅम तांबा आला. हे मूळ द्रावण. बाटलीत याचे १० मिलि अधिक ९० मिलि पाणी, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम.

समुद्रापेक्षा हे लाखो पटीने जास्त आहे, हे विसरायचं नाही. ब्युरेटने दिसावा म्हणून तांबा इतका घ्यावा लागतो. त्यामुळे आपल्याला समुद्राचे आकडे मिळणार नाहीत. समुद्रात काम करणारी यंत्रणा दिसेल.

बाटल्या, आणि त्यातली कोरी बाटली

शंभर-दीडशे मिलिच्या प्लॅस्टिकच्या झाकणबंद बाटल्या घ्या. काच टाळलेली बरी. काचेलाही धातू थोडा चिकटतो. सौम्य नायट्रिक आम्लाने विसळून, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन वापरा. मांडणी अशी:

१. डिस्टिल्ड पाणी + तांबा, माती नाही
२. खारं पाणी + तांबा, माती नाही
३. डिस्टिल्ड पाणी + तांबा + २ ग्रॅम काळी माती
४. खारं पाणी + तांबा + २ ग्रॅम काळी माती
५. डिस्टिल्ड पाणी + तांबा + २ ग्रॅम जांभा
६. खारं पाणी + तांबा + २ ग्रॅम जांभा

प्रत्येकाच्या दोन बाटल्या. शिवाय खारं पाणी आणि काळी माती, खारं पाणी आणि जांभा, अशा तांबा न घातलेल्या दोन. एकूण चौदा. मुलं नेहमी पहिल्या दोन बाटल्या वगळायला बघतात, 'त्यात काय घडणारे सर' म्हणून. त्यात काही घडू नये म्हणूनच त्या ठेवायच्या असतात. कोऱ्या बाटलीतला तांबा ठळकपणे कमी झाला तर तुमच्या इतर सगळ्या बाटल्यांतही साका पडलाय हे नक्की समजा.

क्रम महत्त्वाचा. आधी ९० मिलि पाण्यात माती घालून तासभर भिजू द्या. मग पीएच मीटर बुडवून पीएच ४.५ ते ४.८ च्या दरम्यान आणा, ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा सोडिअम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून. मगच तांब्याचे १० मिलि. तांबा आधी घातलात आणि नंतर अल्कली सोडलीत, तर थेंब पडतो तिथे क्षणभर पीएच फार चढतो आणि निळसर धाग्यासारखा साका उठतो. ढवळल्यावर तो दिसेनासा होतो, पण पूर्ण विरघळतोच असं नाही. तांबा घातल्यावर अर्ध्या तासाने पीएच पुन्हा पाहा. मातीने तांबा धरला की बदल्यात हायड्रोजन आयन सुटतात, त्यामुळे पीएच थोडा घसरलेला दिसेल. हे आकडे वहीत लिहा, ते स्वतंत्र पुरावा आहेत.

पीएच पाचच्या खालीच का? लिटरला १०० मिलिग्रॅम तांबा असताना पाचच्या आसपास तांब्याचे सल्फेट आणि क्लोराइड मिसळलेले हायड्रॉक्साइडी क्षार साठू लागू शकतात. कोरी बाटली काळ्या कागदासमोर धरून बाजूने टॉर्च मारा. पाणी स्वच्छ असेल तर किरण दिसत नाही. धुरकट पट्टा दिसला तर पीएच आणखी ०.३ ने उतरवून सगळ्या बाटल्या नव्याने करा.

मग दोन तास दर दहा मिनिटांनी हलवा. शेकर असेल तर प्रश्नच नाही. त्यानंतर रात्रभर उभ्या ठेवा.

इथे थांबून बाटल्यांकडे नुसतं बघाच. तांबा न घातलेली काळी माती डिस्टिल्ड पाण्यातही हलवून शेजारी ठेवा. खाऱ्या पाण्यातल्या बाटलीत काही मिनिटांत गढूळपणा रवाळ होतो, बारीक बारीक पुंजके धरतात आणि ते खाली उतरताना वर निवळ पाण्याची रेघ दिसू लागते. डिस्टिल्ड पाण्यातली दुसऱ्या दिवशीही कोको घातलेल्या दुधाच्या रंगाची असते. चिकणमातीचे कण ऋणभारामुळे एकमेकांना दूर लोटतात. क्षार आले की तो पसारा आवळला जातो आणि कण एकमेकांना धरतात. पुराच्या पाण्यात तुरटी फिरवणाऱ्या घरांना हे नवीन नाही. नदी समुद्राला मिळते तिथे हेच मोठ्या प्रमाणावर होतं आणि नदीने आणलेल्या लोहाचा बराच भाग असाच गोळा होऊन तिथेच खाली बसतो.

गाळणं

व्हॉटमन ४२ क्रमांकाचा फिल्टर पेपर घ्या. तळातला गाळ न ढवळता वरची निवळ नरसाळ्यात ओता. पहिले दहा-पंधरा मिलि टाकून द्या, कारण कागदही थोडा तांबा धरतो; तो तृप्त झाल्यावर येणारं पाणी खरं. कोऱ्या बाटल्याही याच कागदातून गाळायच्या, नाहीतर तुलना बरोबरीची राहत नाही. गाळलेलं पाणी पुन्हा टॉर्चसमोर धरा. जांभ्याची लाल झाक दिसली तर ते कण पुढे आम्लात आयोडिन सोडतील आणि तांबा खोटाच जास्त दिसेल. दुहेरी कागदातून पुन्हा गाळा.

समुद्रशास्त्रात ०.२ किंवा ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जे जातं ते 'विरघळलेलं' धरतात. ही सोय आहे, निसर्गाची सीमा नव्हे. त्या छिद्रांतून अतिसूक्ष्म कलिल कणही निसटतात, आणि धातू बरेचदा आधी या कलिलांना चिकटतो, मग कलिल एकमेकांत गुंतून मोठे कण होतात. आपला फिल्टर पेपर त्याहून जाडाभरडा आहे. अहवालात छिद्रांचा आकार नोंदवा.

मोजणी

हायपो, म्हणजे सोडिअम थायोसल्फेट, ०.००५ नॉर्मल करून घ्या. शिवाय मूळ द्रावण दहापट पातळ करून, दोन थेंब सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून एक वेगळं प्रमाण द्रावण ठेवा. हे गाळायचं नाही. हायपोची ताकद याच्यावर ठरवायची. कोऱ्या बाटलीवर ठरवलीत तर कोऱ्या बाटलीतली घट कधीच दिसणार नाही.

२५ मिलि गाळलेलं पाणी शंकूपात्रात घ्या, ५ मिलि सौम्य ॲसेटिक आम्ल, मग साधारण १ ग्रॅम पोटॅशिअम आयोडाइड. तांबा आयोडाइडला ओढून आयोडिन मोकळं करतो आणि स्वतः पांढऱ्या क्युप्रस आयोडाइडच्या रूपात खाली येतो. पाणी पिवळट-तपकिरी होतं. दोन मिनिटं झाकून ठेवा. ब्युरेटमधून हायपो सोडत रंग फिका गवती झाला की मगच ताज्या स्टार्चचं एक मिलि घाला. आधी घातलंत तर निळं-काळं द्रव्य साक्यात अडकून बसतं. निळा रंग जाऊन सायीसारखा पांढुरका गढूळपणा उरतो तो शेवटचा बिंदू. मिनिटभराने निळेपणा पुन्हा डोकावला तर तिकडे लक्ष देऊ नका. साक्याने धरलेलं आयोडिन सुटतंय आणि हवाही थोडं आयोडाइड जाळते. पहिलं वाचनच घ्यायचं.

हायपो नेमका ०.००५ नॉर्मल असेल तर त्याच्या १ मिलिला ०.३१८ मिलिग्रॅम तांबा. प्रमाण द्रावणाच्या २५ मिलिला ७.९ मिलिच्या आसपास लागायला हवा. तांबा नसलेल्या, फक्त मातीच्या दोन बाटल्यांना शून्य. तिथे पाव-अर्धा मिलि लागला तर मातीतून लोह गळतंय, गाळणं सुधारा.

हे सगळं पाणी सिंकमध्ये ओतू नका आणि नदीत तर नाहीच. तांबा शेवाळांना, माशांना विषारी आहे. बरणीत साठवा, चुन्याची निवळी घालून पीएच नऊच्या जवळ आणा, साका बसू द्या, वाळवा आणि कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या. हातमोजे, चष्मा आणि पिपेटला रबरी फुगा. तोंडाने द्रावण ओढायचं नाही.

हिशोब

समजा (आकडे फक्त उदाहरणापुरते) प्रमाण द्रावणाला ७.९ मिलि, खाऱ्या कोऱ्या बाटलीला ७.८ आणि खारं पाणी-जांभ्याला ५.९ मिलि हायपो लागला. कोऱ्या बाटलीत उरलेला तांबा लिटरला ९८.७ मिलिग्रॅम, जांभ्याच्या बाटलीत ७४.७. फरक २४ मिलिग्रॅम प्रतिलिटर. आपलं पाणी १०० मिलि, म्हणजे २.४ मिलिग्रॅम तांबा २ ग्रॅम जांभ्याने धरला. किलोला १२०० मिलिग्रॅम. याला पाण्यात उरलेल्या ७४.७ ने भागलं की १६ येतात. हा वाटणी-गुणांक: एक किलो कणांवर जितका धातू आहे तितका किती लिटर पाण्यात आहे, ते सांगणारा. वजाबाकी नेहमी कोऱ्या बाटलीतून करा, शंभरातून नाही.

काय दिसतं आणि का

डिस्टिल्ड पाण्यात काळी माती बाजी मारते. थरांवरचा कॅल्शिअम ढकलून तांबा तिथे बसतो आणि जागा पुष्कळ असतात. खाऱ्या पाण्यात तिचा जोर खाली येतो. ही पकड निव्वळ विरुद्ध भाराची असते, एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखी. सोडिअम-मॅग्नेशिअमची गर्दी चढली की जागा जाते. जांभ्याची एकूण क्षमता कमी, पण मीठ घातल्याने त्यात काळ्या मातीइतकी पडझड होत नाही, कारण इथे तांबा ऑक्साइडच्या पृष्ठभागावरल्या हायड्रॉक्सिल गटांतला हायड्रोजन काढून थेट ऑक्सिजनशी बंध जोडतो. त्या बंधाला सोडिअमची गर्दी हलवू शकत नाही. तुम्ही नोंदवलेली पीएचची घसरण याचीच खूण. म्हणून आकड्यांची तुलना करताना 'कुणी किती घेतलं' यापेक्षा 'मीठ घातल्यावर कुणाचं किती टक्के टिकलं' हा रकाना मोठा करा. समुद्रासाठी तोच कामाचा.

वेळ असेल तर दुसरी फेरी कराच. तीन आणि पाच क्रमांकाच्या बाटल्यांतला, तांबा धरलेला गाळ घ्या, वरचं पाणी काढा, त्यावर तांबा नसलेलं खारं पाणी त्याच पीएचला ओता, दोन तास हलवा आणि किती तांबा परत सुटतो ते मोजा. तळात राहिलेल्या थेंबभर जुन्या पाण्यातला तांबा वजा करायला विसरू नका. ही नदीमुखाची नक्कल झाली. खऱ्या नदीमुखांत बेरिअम आणि रेडिअम असेच गाळावरून सुटतात. कॅडमिअमही सुटतो, पण वेगळ्या कारणाने: क्लोराइड त्याला आपल्याशी बांधून पाण्यात ओढतं. सगळे धातू समुद्रात शिरताच कणांना चिकटतात, असं उत्तरपत्रिकेत लिहू नका.

जांभ्यावर पीएचची मालिकाही घेता येते: ३.५, ४.०, ४.५, ४.८. तांबा धरण्याचं प्रमाण पीएचबरोबर झपाट्याने चढतं. प्रत्येक पीएचला त्याची स्वतःची कोरी बाटली हवी.

बाटलीतून समुद्राकडे

खऱ्या समुद्राचा पीएच आठच्या जवळ, म्हणजे चिकटण्याला आपल्या बाटलीपेक्षा कितीतरी अनुकूल. तिथे साका पडत नाही तो केवळ धातू नगण्य असतो म्हणून. पण तांब्याच्या बाबतीत एक अडथळा आहे जो आपल्या बाटलीत नाही: समुद्रातला जवळजवळ सगळा तांबा सेंद्रिय रेणूंनी वेढलेला असतो आणि तो कणांपासून त्यामुळे बराच वाचतो. शिसं, ॲल्युमिनिअम, थोरिअम यांना असं संरक्षण फारसं नाही. शिसं समुद्रात काही दशकं ते शंभरेक वर्षं टिकतं. कणांना न चिकटणारा सोडिअम कोट्यवधी वर्षं.

दुसरा फरक कणांच्या प्रमाणाचा. आपण लिटरला २० ग्रॅम माती घातली. खोल, खुल्या समुद्रात लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या घरात कण असतात. थोरिअमचा वाटणी-गुणांक तिथे एक कोटीपर्यंत जातो, तरी गुणाकार केला की दर क्षणी जेमतेम दहावा हिस्सा थोरिअम कणांवर निघतो. पण कण सतत खाली जात असतात, वरून नवे येतात, धातू चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. मायकेल बेकन आणि रॉबर्ट अँडरसन यांनी १९८२ मध्ये थोरिअम खोलीबरोबर वाढत जातो यावरून ही देवाणघेवाण दाखवून दिली.

थोरिअम शास्त्रज्ञांचा लाडका असण्याचं कारण हिशोबाचं आहे. युरेनिअम कार्बोनेटशी जोडून पाण्यातच राहतो, लिटरला सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम, जवळजवळ सगळीकडे सारखा. त्याच्यापासून थोरिअम-२३४ ठरलेल्या वेगाने जन्मतो, त्याचं अर्धायुष्य २४.१ दिवस. किती असायला हवा ते युरेनिअमवरून कळतं. जितका कमी सापडेल तितका कणांनी नेला. कोरी बाटली इथे निसर्गाने स्वतःच ठेवून दिलीय.

खाली जाण्याचा वेगही बघा. एक मायक्रॉनचा मातीचा एकटा कण दिवसाला सात-आठ सेंटिमीटर उतरतो. चार किलोमीटरचा तळ गाठायला त्याला दीडशेच्या आसपास वर्षं लागतील. तोच कण प्लवकांच्या विष्ठेत किंवा चिकट सेंद्रिय पुंजक्यात अडकला तर दिवसाला शंभरेक मीटर, म्हणजे चाळीस दिवसांत तळाशी. धातू कोण पकडतं आणि तळाला कोण पोचवतं, ही कामं बहुधा वेगवेगळ्या कणांची असतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या हॅम्बुर्ग विद्यापीठाबरोबर १९८६ पासून अरबी समुद्रात आणि पुढे बंगालच्या उपसागरात खोलवर नरसाळ्यासारखे सापळे टांगले. मान्सूनच्या महिन्यांत खाली पडणाऱ्या कणांचा ओघ वाढतो, हे त्यांतून दिसलं.

आणि जे तळाला पोचतं त्याचा एक नमुना मध्य हिंदी महासागराच्या तळावर पसरलेला आहे. तो म्हणजे मँगनीजचे गोळे. भारताच्या गवेषणी या संशोधन जहाजाने १९८१ मध्ये हिंदी महासागरातून असे गोळे वर काढायला सुरुवात केली. दशलक्ष वर्षांत मिलिमीटरांच्या हिशोबाने वाढणाऱ्या त्या गोळ्यांत तांबा वजनाच्या सुमारे एक टक्का असतो, तो सगळा पाण्यातून आणि तळाच्या गाळातून ऑक्साइडच्या पृष्ठभागाने टिपलेला. मँगनीज ऑक्साइडचा पृष्ठभाग समुद्राच्या पीएचला ठाम ऋणभारित असतो, म्हणून तो लोहाच्या ऑक्साइडपेक्षाही अधाशी. प्रयोगशाळेतलं मँगनीज डायऑक्साइड तिसरा कण म्हणून वापरायचा मोह होईल. वापरा, पण त्याचा एक कणही गाळणीतून निसटला तर तो आयोडिन भसाभस सोडतो, म्हणून सेंट्रिफ्यूज असेल तरच.

त्यापेक्षा कृष्णेचा गाळ बरा. हरिपूरला वारणा मिळते तिथे किंवा कऱ्हाडला प्रीतिसंगमावर, पूर ओसरल्यावर काठाला बसलेला मऊ, बोटाला साबणासारखा लागणारा थर वरून खरवडून घ्या, वाळू नको. चुनखडीची चाचणी, धुणं, सगळं काळ्या मातीसारखंच. बंगालच्या उपसागराच्या पश्चिम भागात तळाला जी माँटमोरिलोनाइट जातीची माती सापडते ती मोठ्या प्रमाणात कृष्णा-गोदावरीने दख्खनवरून वाहून नेलेली आहे. आता धोम, अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशा भिंती मध्ये असल्याने कृष्णेचा बहुतेक गाळ जलाशयांतच बसतो, आणि त्याला चिकटलेला धातूही त्याच्याबरोबर तिथेच.